हिरव्या कापडाखालचा हात

टेबलावरचा पेशंट उठून बसला तेव्हा मॅडमच्या हातात ब्लेड होतं. ते डोळ्याला लागायचं बाकी होतं. मॅडमनी हात झटकन मागे घेतला. पेशंटने तोंडावरचं हिरवं कापड ओढून फेकलं, पापण्या उघड्या ठेवायला लावलेला तारेचा चिमटा स्वतःच उपसला आणि दोन्ही हात हवेत फिरवत कोणाला तरी शोधू लागला. घशातून आवाज निघत होता, पण त्यात शब्द नव्हता. आम्ही त्याला धरायला गेलो तर तो आणखीच बिथरला.

मॅडम म्हणाल्या, "सोडा त्याला. त्याच्या बायकोला दारापर्यंत आणा."

बायकोचा हात दंडाला लागल्याबरोबर तो शांत झाला. त्या दिवशीचं त्याचं ऑपरेशन तिथेच थांबलं.

मी सौसरच्या एका लहानशा ट्रस्टच्या अस्पतालात ओटी इन्चार्ज सिस्टर आहे. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. आत कोण येणार, काय घालून येणार, कोणती हत्यारं कधी निर्जंतुक होणार, हे सगळं माझ्याकडे. आमच्याकडे डोळ्यांचा कायमचा सर्जन नाही. नागपूरचे दोन सर्जन रविवारी स्वतःच्या गाडीने येतात, दिवसभर मोतीबिंदू काढतात आणि संध्याकाळी परत जातात. फी घेत नाहीत. शाल-श्रीफळही घेत नाहीत. एकदा आमच्या व्यवस्थापकांनी सत्काराचा घाट घातला होता, तर दोघंही मागच्या दाराने निघून गेले.

त्यांतले एक मोठे सर. त्यांनी आपलं नागपूरचं क्लिनिक मुलाकडे सोपवलं आहे. दुसऱ्या अनघा मॅडम. मॅडमची गोष्ट सांगायची म्हणजे त्यांचं बोलणं आधी सांगावं लागेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन पेशंटला पूर्ण झोपवून करत नाहीत. डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. म्हणजे माणूस जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं. मॅडमचे हात चालू असतात तेव्हा तोंडही चालू असतं. संत्र्याला यंदा बहर कसा आहे, सुनेला दिवस गेलेत का, जामसांवलीच्या मारुतीला मागच्या वेळी कधी गेला होता. मध्येच सांगतात, आता जरासा दाब लागेल, आता उजेड दिसेल, हलू नका हं. लोधीखेड्याची एक आजी ऑपरेशन संपलं तरी टेबलावरून उतरायला तयार नव्हती, कारण तिची गोष्ट अर्धीच सांगून झाली होती. मॅडमचं निम्मं काम आवाजावर होतं, हे मी दर रविवारी पाहत आले.

आणि नत्थूजींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

नत्थूजी सोमकुवर सावरगावचे. वय साठीच्या पुढे. बोलता येत नाही. तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलं, नंतर संत्र्याच्या बागांत पेट्या भरल्या. बायको देवकाबाई शेतमजुरीला जाते. या दोघांनी लग्नानंतर हळूहळू हातांची एक भाषा तयार केली होती. ती कोणत्या शाळेत शिकवत नाहीत. घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे ती त्या दोघांनाच येत होती.

मग नत्थूजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. आमच्या गाडीतून ते आले तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि डोळ्यासमोर हलणाऱ्या हाताची सावली कळत होती. देवकाबाई म्हणाल्या, "थो सांगते ते मले दिसते, जी. पन मी काय सांगून राहिली ते त्याले दिसत नाही. घरात एकतर्फीच बोलनं चालू आहे." जेवण, पाणी, कोणी आलं, एवढं त्या त्यांच्या हातावर बोटांनी सांगायच्या. बाकी सगळं बंद.

त्या रविवारी ऑपरेशन थांबलं, नत्थूजींना वॉर्डात नेलं. मॅडमनी पुढचे पेशंट घेतले आणि काम संपल्यावर, हात धुऊन, त्यांच्या खाटेशी येऊन बसल्या. मीही गेले. नत्थूजी बायकोचा दंड धरून बसले होते. मॅडमनी विचारलं, काय झालं होतं. देवकाबाईंनी त्यांचा तळहात धरून जमेल तसं विचारलं. नत्थूजींनी हात हलवले, देवकाबाई पाहत राहिल्या.

"काय म्हणतात ते?"

"तोंडावर कपडा कवा टाकतेत मॅडम? माणूस मेल्यावर टाकतेत. त्याले वाटलं, आता नेऊन राहिले."

ते कापड म्हणजे ड्रेप. डोळ्यापुरतं भोक असलेलं निर्जंतुक कापड, चेहऱ्यावरचे जंतू डोळ्यात जाऊ नयेत म्हणून घालतात. ऐकू येणाऱ्याला आम्ही सांगतो, कापड घालतोय, श्वास घ्यायला जागा आहे, घाबरू नका. नत्थूजींना बाहेर इंजेक्शन देताना बायको जवळ होती, तिथवर ते धीराने बसले. टेबलावर मात्र कान तर नव्हतेच, कापडाखाली उरलेला उजेडही गेला आणि बायकोचा हातही सुटला होता. मला विचाराल तर मीही उठून बसले असते.

व्यवस्थापक कामडी साहेब तोवर आले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. रविवारी गावोगावहून आणलेल्या सगळ्या पेशंटची सोय त्यांनाच पाहावी लागते.

"मॅडम, यांना नागपूरला पाठवून देऊ. तिथे पूर्ण भूल देऊन करतील."

"मीही तेच म्हणणार होते," मॅडम म्हणाल्या. "पण छाती ऐकली का त्यांची?"

मॅडमनी स्टेथोस्कोप मागितला आणि कामडी साहेबांच्याच कानाला लावला. जिनिंगमध्ये कापसाची धूळ छातीत जाते. नत्थूजींच्या छातीत आत काही तरी फाटत असल्यासारखी घरघर होती. मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या भूलतज्ज्ञांना फोन केला, दुसऱ्या दिवशी एक्स-रे पाठवला. ते म्हणाले, पूर्ण भूल देता येईल, पण नंतर श्वासाची नळी निघेलच याची खात्री देत नाही. मोतीबिंदूसाठी एवढी जोखीम मी घेणार नाही.

म्हणजे करायचं तर जागेपणीच, आणि आमच्याकडेच. नाहीतर नत्थूजी असेच राहणार. ऐकू येत नाही, दिसत नाही, बायकोच्या बोटांच्या टोकांवर जगणारे.

बुधवारी दुपारी मॅडमची गाडी अस्पतालाच्या फाटकात दिसली. बुधवार त्यांच्या नागपूरच्या ओपीडीचा दिवस. मी विचारलं तर म्हणाल्या, आज बंद ठेवली. येताना त्यांनी सावरगावला जाऊन दोघांना गाडीत बसवून आणलं होतं. मला म्हणाल्या, "एक ड्रेप द्या, वापरून धुतलेला चालेल. आणि ओटीचं टेबल रिकामं आहे ना?"

पुढची सगळी दुपार मी जे पाहिलं ते माझ्या नोकरीत आधी पाहिलं नव्हतं.

मॅडम स्वतः टेबलावर झोपल्या. ड्रेप तोंडावर घेतला. देवकाबाईंनी नत्थूजींना जवळ आणलं आणि मॅडमनी त्यांचा हात धरून कापडावरून आपल्या चेहऱ्यावर ठेवला. नत्थूजींनी चाचपून पाहिलं. कपाळ, नाक, मग तोंडाशी हात नेऊन थांबले. श्वास लागला असावा. मॅडमनी कापड काढलं आणि त्यांचा हात पुन्हा आपल्या गालावर ठेवला. मग परत कापड घेतलं. असं किती तरी वेळा. नंतर देवकाबाई टेबलावर झोपल्या. तिसऱ्या पाळीला मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मीही झोपले. एवढी वर्षं मी लोकांच्या तोंडावर ते कापड घालत आले. त्याच्याखाली किती गरम होतं ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी नत्थूजी स्वतः झोपले. कापड आलं तसं अंग ताठ झालं, पण उठले नाहीत. देवकाबाईंनी कापडाखालून त्यांचा हात धरला होता.

मग मॅडमनी खुणा ठरवल्या. देवकाबाईंना म्हणाल्या, थोड्याच ठेवू, घोटाळा नको. खांद्यावर तळवा दाबला की हलायचं नाही. हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं की सगळं ठीक चाललंय. आणि नत्थूजींनी बायकोचा हात घट्ट दाबला की आम्ही थांबायचं.

ही तिसरी खूण त्यांना पटायला वेळ लागला. मॅडम त्यांच्या कपाळावर हात टेकवून, ऑपरेशन करताना टेकवतात तसा, बसल्या होत्या. नत्थूजींनी हात दाबला. देवकाबाईंनी सांगितलं. मॅडमनी दोन्ही हात उचलले आणि कापड वर केलं. पुन्हा सुरू केलं, लगेच त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा मॅडम थांबल्या. पुन्हा तेच. मला वाटलं, हा माणूस आता गंमत करतोय. मी तसं म्हटलंही.

"करू द्या, सिस्टर," मॅडम म्हणाल्या. "मी खरंच थांबते की नुसतं म्हणते, ते बघून राहिले आहेत ते."

नंतर नंतर त्यांनी हात दाबायचं सोडलं. मॅडम कपाळावर हात ठेवून बसून होत्या आणि ते निवांत पडून राहिले. त्यांना डुलकी लागली की काय अशी मला शंका आली.

आता प्रश्न माझा होता. ओटीत नातेवाईक येऊ द्यायचे नाहीत हा नियम मी कोणाला मोडू दिलेला नाही. एकदा एका पुढाऱ्याला मी दारातून परत पाठवलं आहे. डोळ्यात एकदा जंतू गेला तर डोळा जातो, मग कोणाचा नियम आणि कोणाची दया. मॅडम मला हुकूम देऊ शकत होत्या. त्यांनी दिला नाही. म्हणाल्या, "ओटी तुमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरं काही शोधीन."

मी थोडा विचार केला आणि देवकाबाईंना म्हटलं, "आत याल, पण मी सांगीन तसंच वागा लागेल."

"सांगा न जी."

घरून डोक्यावरून आंघोळ करून यायचं. इथे गाऊन, टोपी, मास्क, पायात आमच्या चपला. हात कोपरापर्यंत माझ्यासमोर धुवायचे. स्टुलावर बसायचं, टेबलाच्या बाजूला, पेशंटच्या कमरेपाशी. हात कापडाखालून जाईल, कापडाच्या वर कशालाही लागणार नाही. खाज आली तरी नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, रडू आलं तर चालेल का. मी म्हटलं, मास्कच्या आत चालेल.

रविवारी कामडी साहेबांचं म्हणणं होतं, यांना शेवटी घ्या, म्हणजे बाकीच्यांना उशीर होणार नाही. मॅडम म्हणाल्या, दिवसभर घाबरून बसायला लावून शेवटी घेतलं तर बुधवारचं सगळं पाण्यात जाईल. मोठे सर तिथेच चहा पीत होते. ते म्हणाले, "तिचे पेशंट मी घेतो. तिला पहिला हाच घेऊ द्या." विषय मिटला.

आमच्या ओटीत दोन टेबलं आहेत. एकावर मोठे सर, दुसऱ्यावर मॅडम. बाहेर इंजेक्शन देताना नत्थूजींनी दात आवळले, पण हात दाबला नाही. टेबलावर कापड घातलं तेव्हा मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. घाबरलेल्या माणसाचे पाय आधी बोलतात. पायाची बोटं वळली आणि मग सुटली. देवकाबाई स्टुलावर बसून हातावरून बोट फिरवत होत्या.

मॅडम गप्प होत्या. त्यांच्या टेबलावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सवयीने एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छान चाललंय हं, दादा." लगेच लक्षात येऊन त्या थांबल्या. पण देवकाबाईंनी ते ऐकलं होतं. कापडाखाली त्यांचं बोट नवऱ्याच्या हातावरून फिरलं. निरोप पोचला.

पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग कडक, तपकिरी झालेलं असतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून एक तिरपा बोगदा करतात, त्यातून तो कडक गाभा बाहेर काढतात आणि त्याच्या जागी नवं भिंग बसवतात. बोगदा तिरपा असल्यामुळे आपला आपण मिटतो, टाके लागत नाहीत. मॅडमनी बोगदा केला. गाभा जागेवरून सुटा करून पुढे आणला. आता चमच्यासारखं हत्यार आत घालून तो बाहेर घ्यायचा. ऑपरेशनमधला सगळ्यांत नाजूक क्षण हाच. हत्यार आत गेलं.

"मॅडम," देवकाबाई म्हणाल्या, "थांबा म्हणते."

शेजारच्या टेबलावरून मोठे सर मान न वळवता म्हणाले, "अनघा, काढून घे. क्षणाचं काम आहे." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाभा पुढे आणून तसाच ठेवला तर तो बुबुळाच्या काचेला आतून घासू शकतो. तिथे थांबणं कोणत्याच सर्जनला आवडत नाही. माझ्याही मनात आलं, एवढं होऊ द्या.

मॅडमनी हत्यार बाहेर काढलं. आत थोडं जेल सोडलं, म्हणजे गाभा आणि काच यांच्यात गादी राहील. पापण्यांचा चिमटा सैल केला. दोन्ही हात उचलले आणि मला म्हणाल्या, "तोंडाकडून कापड वर करा."

मी कापड वर केलं. नत्थूजींनी तोंड उघडलं, आणि खोकला आला.

तो साधा खोकला नव्हता. छातीत साठून राहिलेली घरघर एकदम वर आली होती. टेबल हललं. डोकं उशीवरून उचललं गेलं, मी दोन्ही हातांनी कपाळ धरून ठेवलं. एक उबळ, मग दुसरी, मग आणखी. खोकताना डोळ्यातला दाब एकदम वाढतो. आत हत्यार असतं तर मागचा पडदा फाटला असता, आतलं सगळं बोगद्यातून बाहेर आलं असतं. तो डोळा मग कोणालाच परत देता आला नसता. मोठ्या सरांचेही हात थांबलेले मला दिसले.

खोकला ओसरला. मी नत्थूजींचे ओठ पुसले. मॅडम हात वर धरून तशाच बसून होत्या. खोकला संपला असं समजून त्यांनी सुरू केलं नाही. त्या देवकाबाईंकडे पाहत होत्या.

देवकाबाईंचा हात कापडाखाली होता. जरा वेळाने त्यांचे डोळे मोठे झाले.

"थो माझ्या हातावरून बोट फिरवून राहिला, मॅडम."

सगळं ठीक आहे, ही खूण आम्ही त्यांना द्यायची होती. ती त्यांनी आम्हाला दिली.

खोकल्याने बुबुळाची रंगीत कड बोगद्याच्या तोंडाशी आली होती. मॅडमनी ती हलकेच आत सारली, गाभा बाहेर घेतला, आतलं धुतलं, भिंग बसवलं. पट्टी लावून झाल्यावर मोठे सर आपल्या टेबलावरून म्हणाले, "बरं केलंस थांबलीस." मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांनी सांगितलं म्हणून." आणि पुढचा पेशंट आत घ्यायला सांगितला. त्या पेशंटशी त्या इतकं बोलल्या, की जणू साठलेलं सगळं बाहेर काढत होत्या.

एरवी दोघं रविवारी संध्याकाळी निघून जातात आणि सोमवारी पट्टी आमचा नेत्र सहायक उघडतो. त्या दिवशी मोठे सर एकटे गेले. मॅडम ट्रस्टच्या खोलीत राहिल्या.

सकाळी पट्टी मी काढली. नत्थूजींनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. वरचा पंखा पाहिला. खिडकी पाहिली. मग समोर उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी आपल्या केसांना हात लावला, तिच्या केसांकडे बोट दाखवलं, आणि हाताने आणखी एक खूण केली.

देवकाबाई हसल्या. "म्हणते, कापसासारखी झाली तू."

आणि मग त्यांचे हात सुरू झाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. बोटं उघडत होती, मिटत होती, छातीला लागत होती, दूर कुठे तरी रस्त्याकडे दाखवत होती. इतक्या दिवसांत सांगायचं राहिलेलं सगळं ती बाई एका दमात सांगत होती आणि नवरा एका डोळ्याने ते पाहत होता. मध्येच तो हात वर करून तिला थांबवायचा, काही विचारायचा, ती उत्तर द्यायची. वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटनी खाटेवर उठून बसून पाहिलं.

थोडं थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "काय सांगितलं त्यांना?"

"काही नाही जी," देवकाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "घरचंच."

मॅडमनी मग काही विचारलं नाही. बॅटरीने डोळा तपासला, काच स्वच्छ होती. औषधाचे थेंब किती वेळा घालायचे ते देवकाबाईंना सांगितलं, आणि ते त्या नवऱ्याला हातांनी कसं सांगतात ते उभं राहून पाहिलं. त्यानंतर त्या गाडीत बसून नागपूरला गेल्या.

दुसरा डोळा पुढे महिन्याभराने झाला. त्या वेळी काहीच घडलं नाही. खोकलाही आला नाही. देवकाबाई स्टुलावर बसून कंटाळल्या आणि मला म्हणाल्या, पुढच्या वेळी माझी गरज पडणार नाही. मी म्हटलं, पुढची वेळ नाही, डोळे दोनच असतात.

त्यानंतर आमच्याकडे ऐकू न येणारे आणखी पेशंट आले. पांढुर्ण्याची एक मुलगी आली, एक म्हातारे गुरुजी आले. सगळ्यांना मॅडम आधी बोलावतात, टेबलावर झोपवतात, कापड घालून पाहतात. कामडी साहेब गाडीची सोय करतात आणि कुरकुरत नाहीत. ओटीत नातेवाईक येऊ न देण्याचा माझा नियम आहे तसाच आहे. एक स्टूल तेवढं वाढलं आहे.

नव्या सिस्टर मला विचारतात, ऐकू न येणाऱ्या पेशंटला समजावायचं कसं. मी त्यांना सांगते, ते जमेल तसं जमेल. त्याला थांबा म्हणायचं असेल तर तो कसं म्हणेल, ते आधी ठरवा. आणि त्याने तसं म्हटलं, की तुम्ही लगेच थांबा. बाकी ऑपरेशन नेहमीसारखंच असतं.